बब्रुवान छतावर चढत नाही

मागच्या वर्षी वैशाखापासून थेट सर्वपित्री अमावस्येपर्यंत आमच्या मुरमवाडीत एकही डिश धड सरळ नव्हती. वावटळ आली की डिशनं मान टाकायची आणि टीव्हीवर काळा पडदा. एरवी ही तक्रार अर्ध्या तासाची. नळदुर्गला हायवेवर ढाब्याच्या शेजारी बब्रुवानची पत्र्याची टपरी आहे. त्याला फोन लावायचा. तो फटफटीवर यायचा, खारीसारखा वर चढायचा, डिश दोन बोटं इकडं, एक बोट तिकडं करायचा आणि वरून ओरडायचा, "आलं का?" खालून आपण टीव्हीकडं बघत ओरडायचं, "आलं! आलं! गेलं! आलं!" झालं काम.

पण त्या वैशाखात बब्रुवान छतावर चढायचा बंद झाला.

यायचा बिचारा. हत्यारांची पिशवी घेऊन अंगणात उभा राहायचा, वर बघायचा, आणि म्हणायचा, "मास्तर, खालीच बसवून देतो की. खांब रोवतो इथं."

मी पोस्टमास्तर होतो, गाव अजून मास्तरच म्हणतं. मी म्हटलं, "अरे, डिश आकाशाकडं बघायला असते, का आमच्या न्हाणीकडं?"

तो हसला नाही. आधी माझ्या निम्म्या विनोदाला हसणारा पोरगा तो.

ज्यांनी खाली बसवून घेतल्या त्यांचे हाल ऐका. बंडप्पाच्या गोठ्याशेजारी खांब रोवला, तर त्याच्या म्हशीला पाठ खाजवायला तोच सापडला. तिची खाज भागेपर्यंत बंडप्पाच्या घरात बातम्या बंद. इरम्माच्या दारात तुळशीजवळ डिश लावली; म्हातारी रोज तुळशीबरोबर डिशलाही पाणी घालायची आणि कुंकवाचं बोट लावायची. मी विचारलं, "इरम्मा, हा कुठला देव?" तर म्हणाली, "कोण का आसंना, दारात आलाय न्हवं?"

कंपनीला फोन लावावा तर एक बाई लई गोड आवाजात म्हणायची की आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. मग तुळजापूरहून एक फिटर आला, कंपनीचा शर्ट घातलेला. शिडीच्या तीन पायऱ्या चढला, थांबला आणि तसाच उलटा खाली उतरला. "वर कोण बसलंय?" म्हणाला. मी म्हटलं, "कोणी नाही." "मग तुमीच जावा," म्हणाला आणि फटफटीला किक मारली. संध्याकाळी मोबाईलवर निरोप आला, ग्राहक घरी नसल्यामुळं तक्रार बंद करण्यात येत आहे. मी घरीच होतो. चहा विचारला होता त्याला.

त्यानंतर एकही फिटर मुरमवाडीत वर चढायला तयार होईना. नळदुर्गचा नाही, लोहाऱ्याचा नाही. कारण एव्हाना सगळीकडं बोभाटा झाला होता की मुरमवाडीत मेलेला सिदू धनगर छतांवर बसून असतो.

आता ही आवई कुणी उठवली, असं विचाराल. मीच उठवली. उगाच नाही, बब्रुवान चढेना, कारण सांगेना, आणि रिकामी जागा दिसली की माझी जीभ तिथं जाऊन बसते. टपाल वाटण्यात बत्तीस वर्षं गेली. बंद पाकीट माणूस कसं हातात धरतो त्यावरून आतला मजकूर सांगायची सवय. पारावर गंमत म्हणून बोललो, दोन दिवसांत ती नळदुर्गच्या ढाब्यावर पोचली. माझी बायको शारदा म्हणाली, "डिशच्या जागी तुमची जीभच बसवा वर. सगळे चॅनल येतील."

सिदूचंच नाव का घेतलं, तेही सांगतो. बब्रुवान शेवटचा छतावर चढला तो सिदूच्या वर्षश्राद्धाच्या दिवशी. आणि चढला तो माझ्या छतावर.

सिदू आमचा शेजारी. भिंतीला भिंत, स्लॅबला स्लॅब. मधे वीतभर कठडा. मेंढरं राखायचा. हायवेवर एका ट्रकनं उडवल्यापासून डाव्या पायानं लंगडायचा. पाय टेकायचा आणि दुसरा ओढायचा, टक्, सर्र. गल्लीत तो आवाज आला की मेंढरं आधी माना वर करायची. अक्षदा नावाची एकुलती एक पोरगी, तिच्यावर जीव. पोस्टात येऊन बसला की एकच बोलणं, "मास्तर, हिला पांडऱ्या कपड्यातली नर्स करणार. मेंढराला सुई टोचती, मानसाला का टोचणार न्हाय?" कावीळ झाली, झाडपाल्यावर राहिला आणि गेला.

दहाव्याला बोरी नदीच्या काठावर पिंड ठेवला. कावळा शिवला नाही. झाडावर येऊन बसायचे, बघायचे, उडून जायचे. ऊन कललं, लोकांच्या पोटात कावळे, नदीवरचे मात्र हलायला तयार नाहीत. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि उरकलं. मी तिथं होतो. सिदूची बायको म्हाळसाबाई मागं वळून वळून त्या पिंडाकडं बघत घरी आली. वर्षभर तिचं एकच, "त्येंचं कायतरी राह्यलंय. काय राह्यलंय ते सांगंनात."

म्हणून वर्षश्राद्धाची तिला धास्ती होती. आणि नेमकी त्याच दिवशी माझी डिश वाकडी. संध्याकाळी क्रिकेटची मॅच होती, फायनल. मी बब्रुवानला फोन लावला. तो म्हणाला, "मास्तर, आज सिदूमामाचं वर्षसराद हाय तिथं. उद्या येतो."

मी काय म्हणालो असेन? "अरे, श्राद्ध त्यांच्या छतावर, डिश माझ्या छतावर. तुझा काय संबंध?"

हे वाक्य मला अजून ऐकू येतं. माझ्याच आवाजात.

अकराच्या सुमाराला तो आला. गल्लीत शिडी एकच, सिदूच्या घरची. आमचा जिना पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी करत राहूनच गेलेला. शिडी लावून तो माझ्या स्लॅबवर गेला. बाराच्या ठोक्याला पलीकडं पत्रावळ तयार झाली. भात, वरण, वडे, खीर, गवारीची भाजी. म्हाळसाबाईचा भाऊ मल्हार ती घेऊन चढला, सिदूच्या स्लॅबवर मधोमध ठेवली. त्यानं बब्रुवानला बघितलं आणि म्हणाला, "ए, टाकीमागं बस जरा. हालू नगंस. कावळा शिवला की सांग." असं म्हणून खाली उतरला आणि शिडी काढून अंगणात आडवी टाकली. पोरं, कुत्री वर जाऊ नयेत म्हणून.

झालं. बब्रुवान वर, शिडी खाली.

वैशाखातलं बाराचं ऊन. रस्त्यात कुत्रं नाही, झाडाला पान हलत नाही. अंगणात तीस-चाळीस माणसं माना वर करून उभी. कुणी घोटभर पाणी प्यायलं नव्हतं. कावळा शिवल्याशिवाय कसं प्यायचं? एक वाजला. दीड वाजला. म्हाळसाबाईनं पदर पसरला.

"आवो, मेंढरं इकणार न्हाय म्या. शिवा आता."

काही नाही.

"बांधावरचा लिंब तोडणार न्हाय. तुमी लावल्याला हाय."

काही नाही. दोन वाजले. एक म्हातारा भोवळ येऊन खाली बसला. मग मल्हार पुढं झाला. त्याच्या मनात एक गोष्ट कधीची होती, सगळ्या गावाला माहीत. त्यानं हात जोडले, घसा खाकरला. "दाजी, अक्षदाला म्या माज्या घरी सून म्हणून घीन. माज्या पोराला दीन. तुमी काळजी करू नका. शिवा."

आणि वरून बब्रुवानचा आवाज आला.

"शिवला! शिवला!"

म्हाळसाबाई मटकन खाली बसून रडायला लागली. लोकांनी हात जोडले. मल्हारनं टोपी काढून कपाळ पुसलं आणि त्याच्या तोंडावरचं हसू काही टोपीत मावेना. शिडी लागली, वरची पत्रावळ बघितली तर खरंच वडा मोडलेला, भात विस्कटलेला. पंगत बसली. बब्रुवान उतरला तो राखेच्या रंगाचा. त्याला मानानं पहिल्या पानावर बसवलं, तर घास उचलेना. "उपास हाय," म्हणाला. मी म्हटलं, "वैशाखातला कसला रे हा उपास? डिशदेवीचा?" पंगत हसली.

हात धुताना अक्षदा त्याच्या बाजूला येऊन उभी राहिली. मी नळाशीच होतो, कान माझे तुम्हाला माहीत आहेत.

"बब्रूदादा, कसला होता कावळा?"

"कसला म्हंजी... कावळ्यावानी."

"लंगडत होता का?"

बब्रुवाननं तिच्याकडं बघितलं. अठरा वर्षांची पोर, वर्षभरात हसलेली नाही. त्यानं मान खाली घातली. "व्हय. डाव्या पायानं."

तिनं ओढणी तोंडाला लावली आणि हसली. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि हसत होती.

दुसऱ्या दिवशी ती आमच्याकडं आली. आदल्या आठवड्यात तिनं आणि शारदानं बसून नर्सिंगचा फॉर्म भरला होता. म्हणाली, "काकू, फॉर्म राहू द्या. आबांना ते नको होतं. त्यांनी दुसरंच मागितलंय."

शारदा शाळेतली बाई, निवृत्त झाली तरी छडी डोळ्यांत आहे. "जिवंतपणी नर्स म्हणत होता आणि मेल्यावर त्याचं मत बदललं?"

"काकू, कावळा खोटं बोलत नाही," पोरगी म्हणाली आणि गेली. शारदानं फॉर्म तरीही पाठवला, तिला न सांगता.

माझी डिश मात्र तशीच. फायनल मी बंडप्पाकडं जाऊन बघितली.

मग तो पाऊसकाळ. बब्रुवान वाळत चालला. त्याची आई गौराबाई त्याला कुठं कुठं घेऊन गेली, दंडात ताईत आला, टपरीला लिंबू-मिरची टांगली गेली. गिऱ्हाईकं तुटली. नळदुर्गात चार मजली इमारतीचं काम आलं होतं, तेही त्यानं सोडलं. पारावर मी एकेक नवीन गोष्ट सोडत होतो. कधी म्हणायचो, छतावरून बघू नये ते बघितलं असेल त्यानं. कधी म्हणायचो, सिदूनं वरून हाक मारली. लोक हसायचे. हसून झालं की एकदा स्वतःच्या छताकडं बघायचे. दुपारी कपडे वाळत घालायला बाया एकट्या वर जाईनात. मी रचलेली भीती मलाच एकदा दुपारी पोचली. अंगणात पेंगत होतो आणि वर स्लॅबवर आवाज आला. टक्, सर्र. टक्, सर्र. शारदा म्हणाली, वाऱ्यानं डिशची दांडी हलत असेल. पण वारा नव्हता.

भाद्रपदात, पितरांच्या पंधरवड्यात, नळदुर्गला रेशनकार्डाच्या कामाला गेलो होतो. भर दुपारी बब्रुवानच्या टपरीत टेकलो. त्यानं ढाब्यावरनं चहा मागवला. स्वतः घेतला नाही. मी म्हटलं, "काय रे, चहाचाही उपास?"

त्यानं हात वर केला. "मास्तर, गप बसा जरा. आयका."

वर पत्रा. पत्र्यावर काहीतरी चालत होतं. टक्. सर्र. टक्. सर्र. या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलं आणि बरोबर आमच्या डोक्यावर थांबलं. ट्रक जात होते, ढाब्यावर गाणी लागली होती, आणि मला फक्त ते थांबणं ऐकू येत होतं.

"रोज येतो," बब्रुवान म्हणाला. "बाराला. म्या कुटल्या बी छताखाली असू दे."

"कोण?"

"त्यो. जो म्या बघितलाच न्हाय."

आणि मग त्यानं सांगितलं. टाकीमागं दोन तास. स्लॅब असा तापलेला की बूड टेकवेना. पाण्याची टाकी पाठीशी, पण झाकण उघडलं तर आवाज होईल. सकाळपासून पोटात काही नाही. वाऱ्याबरोबर वड्यांचा वास. एक कावळा कठड्यावर आलाही होता, त्यानं पत्रावळीकडं बघितलं, बब्रुवानकडं बघितलं, आणि उडून गेला. तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की कावळा येत नाही तो आपल्यामुळंच. आपण वर आहोत तोवर येणार नाही, आणि तो आल्याशिवाय शिडी लागणार नाही.

"डोळ्यापुढं काळं याय लागलं, मास्तर. म्हातारं खाली पडल्यालं बघितलं. वाटलं, एक शब्द बोललो तर समदी जेवतील. सरपटत गेलो. हातानं भात इस्कटला. वडा मोडला, आन्... निम्मा तोंडात टाकला. भूक लागली व्हती. मग वरडलो. खाली मल्हारमामा काय बोलला ते म्या आयकलं बी न्हवतं. देवाशप्पत. पंगतीत कळलं कशावर शिवला ते."

चहावर साय धरली.

"तवापासनं तोंडात तीच चव हाय. भाकरी खाल्ली तरी वडा. पाणी प्यालो तरी वडा. आन् ती पोरगी इचारती, लंगडत व्हता का. काय सांगू? व्हय म्हणलो. व्हय म्हणलो, आन् दुसऱ्या दिवशी लंगडणारा आला." त्यानं वर बघितलं. पत्र्यावर एकदा चोच आपटल्यासारखा आवाज झाला. "मास्तर, कुणाला सांगू नका."

मी शब्द दिला आणि उठलो. चार दिवसांनी तोच माझ्या दारात आला. अंगणात उभा, पिशवीसुद्धा नाही. हळूच म्हणाला, "मास्तर, आजून सांगितलं न्हाय व्हय कुणाला?"

"तूच म्हणालास ना, सांगू नका?"

"आवो, तुमाला सांगितलं म्हंजी सांजच्याला गावात व्हईल, असं वाटलं व्हतं!" तो रडकुंडीला आला. "मला माज्या तोंडानं सांगवंना. पितराचं खाल्लं म्हणल्यावर कोण दारात उभं करंल? म्हणून तर तुमच्याकडं आलो. आन् तुमी आत्ताच बरे गप बसला!"

बघा. सबंध हयातीत मी एक गोष्ट पोटात ठेवली, ती हीच. इतरांच्या घरातलं पारावर नेताना माझा पाय कधी अडखळला नाही. पण ही गोष्ट सांगायची तर तिची सुरुवात माझ्यापासून होत होती. "तुझा काय संबंध," इथून.

त्याच आठवड्यात नर्सिंगची यादी लागली. अक्षदाचं नाव होतं. सोलापूरला दसऱ्याच्या आत कागदपत्रं घेऊन हजर व्हायचं. शारदा ती यादी घेऊन पलीकडं गेली आणि तशीच परत आली. म्हणाली, "मल्हार अमावस्येला जेवायला येतोय. घटस्थापनेला सुपारी फोडायची, तुळशीचं लग्न झालं की हिचं." मग माझ्याकडं बघत राहिली. "तुमचं काय बिनसलंय? चार दिवस झाले, पारावर गेला नाहीत."

मी म्हटलं, गुडघा दुखतोय.

सर्वपित्रीला पुन्हा पत्रावळ तयार झाली. या वेळी आम्ही घरातलीच आठ-दहा माणसं. आभाळ स्वच्छ, ऊन मवाळ. मल्हार पत्रावळ घेऊन शिडीकडं निघाला तेवढ्यात बब्रुवान अंगणात आला. अनवाणी. म्हाळसाबाईच्या पायाला हात लावला आणि म्हणाला, "मामी, म्या ठिवतो."

पाच महिन्यांत तो पहिल्यांदा शिडी चढत होता. प्रत्येक पायरीवर थांबत होता. वर गेला, पत्रावळ ठेवली, आणि कठड्यापाशी येऊन उभा राहिला, सगळ्यांना दिसेल असा.

"मामी, त्या दिशी कावळा शिवला न्हवता. म्याच भात इस्कटला. वडा म्या खाल्ला. आन् लंगडणारा बी न्हवता कोण. म्या खोटं बोललो."

मल्हार उसळला. "उतर खाली! उतर, तुजं तंगडंच मोडतो!" आणि गंमत बघा, उतर म्हणता म्हणता त्यानं शिडी ओढून काढली. रागात माणसाला काय सुचेल सांगता येत नाही. "न्हायतर ऱ्हा तिथंच! पितराचं खाणारा! पितरं बघून घेतील तुला!"

बब्रुवान वरच बसला, डोकं गुडघ्यात घालून.

मी तेव्हा तोंड उघडलं. "मल्हार, त्या दिवशी त्याला मी बोलावलं होतं. तो येत नव्हता. मी आणला."

शारदानं माझ्याकडं बघितलं. त्यावर ती काय म्हणाली ते इथं लिहीत नाही. ते आमच्या घरातलं आहे, आणि मीही आता थोडं शिकलोय.

म्हाळसाबाई भिंतीला टेकून उभी होती. तिला ना बब्रुवानचा राग, ना माझा. तिचं आपलं वेगळंच. "मंजी आजून शिवलाच न्हाय," एवढंच पुटपुटली. "दीड वरीस झालं. उपाशीच हायत."

"मामा, शिडी लावा," अक्षदा म्हणाली.

"तू गप, तू पोर हायस."

"मामा. शिडी."

आवाज सिदूचा होता. म्हणजे तसा, मेंढराला हाक मारतानाचा. मल्हारनं शिडी लावली.

ती वर गेली. पत्रावळीपासून चार हातांवर बसली. खालून आम्हाला तिचं डोकं आणि बब्रुवानची वाकलेली पाठ एवढंच दिसत होतं. तिनं मोठ्यानं नाही, पण ऐकू येईल असं म्हटलं, "आबा, यादीत नाव आलंय. मी सोलापूरला जाते. सुट्टीला आले की मेंढरं मीच बघंन. आईला एकटं पडू देणार नाही."

आम्ही माना वर करून उभे. झाडावर एक पान हललं. पलीकडून इरम्माची कोंबडी ओरडली आणि गप्प झाली. आणि मग वर तो आवाज. टक्. सर्र. टक्. सर्र. तो स्लॅबवरून आला की माझ्या डोक्यातून, ते आजही छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

"शिवला," अक्षदा म्हणाली.

"तू म्हणतीस!" मल्हार खालून ओरडला. "तुला पायजेच हाय तसं! ए बब्र्या, तू सांग. शिवला का?"

बब्रुवाननं डोकं वर केलं. पोरीकडं बघितलं, पत्रावळीकडं बघितलं. "मला इचारू नका मामा. माजं कोण खरं धरंल? म्या तर डिशच्या दांडीकडं बघत व्हतो."

मल्हार स्वतः शिडीला हात घालणार, तर म्हाळसाबाई मधे आली. "दादा, त्या दिशी परक्याच्या शब्दावर पोरगी दिली म्या. आज पोटच्या पोरीच्या शब्दावर ठिवून घेती. पानं वाढती. बस जेवाय."

मल्हार जेवला. चार पुरणपोळ्या खाल्ल्या आणि न बोलता गेला. दिवाळीला त्यानं भाऊबीजेची साडी पाठवली, म्हणजे माणूस वाईट नव्हे.

बब्रुवानला म्हाळसाबाईनं शिक्षा केली ती अशी: "ज्या ज्या छतावर चढशील, तिथं आदी त्येंचा घास ठिवायचा. मग तुजं काम." तो ठेवतो. पिशवीत पाना-पकडीबरोबर फडक्यात बांधलेली चतकोर भाकरी असते. चढला की आधी ती कठड्यावर, मग डिशला हात. तोंडातली चव गेली का, विचारलं तर म्हणतो, "कमी हाय." अंग धरलंय त्यानं. तुळजापूरचा तो शर्टवाला फिटरही आता मुरमवाडीत आला की खालूनच विचारतो, "भाकरी हाय का घरात?" कंपनीच्या नियमात हे कुठं बसतं ते त्या गोड आवाजाच्या बाईला विचारलं पाहिजे.

अक्षदा सोलापुरात आहे. महिन्या-दोन महिन्यांनी येते, माझा रक्तदाब बघते आणि शारदाला खोटा आकडा सांगते, मी सांगितलेला.

माझी डिश बब्रुवाननंच सरळ केली, दसऱ्याच्या आदल्या दिवशी. भाकरी ठेवली, पेच आवळले, वरून ओरडला, "आलं का?" मी म्हटलं, "आलं." तो उतरल्यावर मला राहवलं नाही. मी शिडी धरून उभा होतो, जवळ कोणी नव्हतं. हळूच विचारलं, "बब्रू, आता आपल्या दोघांतच. अमावस्येला शिवला का रे?"

तो पिशवी आवरत होता. "टीव्हीला चितार आलं न्हवं मास्तर?"

"आलं की."

"मग बघा जाऊन."

बघतो. दुपारच्या बातम्या रोज बघतो. बाराच्या सुमाराला चित्र एकदा थरथरतं, बातम्या सांगणाऱ्या बाईचं तोंड अर्ध्यातच थिजतं, आणि वर स्लॅबवर कुणीतरी माझ्या डिशपाशी येतं. शारदा म्हणते, बब्रुवानला फोन करा, पेच ढिला झाला असेल. मी नाही करत. ताटातला पहिला घास काढून ठेवतो, आवाज बंद करतो आणि वाट बघतो. थोड्या वेळानं, टक्, सर्र, टक्, सर्र, कठड्याकडं जातं. मग चित्र येतं.

जिना या वर्षीही केला नाही.